समुद्र कोणाचा, हे दरपत्रक ठरवते

१/
कोकणच्या आगबोटींविषयी दोन कथा नेहमी सांगितल्या जातात. पहिली स्मरणरंजनाची: भाऊचा धक्का, भोंगा, डेकवर पसरलेली वळकटी, पहाटे दिसणारा किनारा. दुसरी हिशेबाची: रस्ता झाला, रेल्वे आली, बोट परवडेनाशी झाली आणि संपली. दोन्ही कथांत एक प्रश्न गाळलेला असतो. बोटीचे तिकीट किती असावे, हे कोण ठरवत होते आणि कशासाठी? हा थ्रेड त्या तिकिटाच्या दराचा आहे.

२/
सुरुवात समुद्रापासून दूर, भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीपासून करावी. गरम पाण्याच्या कुंडांच्या या गावातून एखादी स्त्री एसटीने वसईकडे निघाली, तर मार्च २०२३ पासून तिला अर्धे तिकीट पडते. तिच्यासोबतच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना तिकीटच नाही. वसईच्या जेटीवरून ती भाईंदरच्या रो-रो बोटीत चढते. तेथे मात्र दोघांनाही पूर्ण तिकीट. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही फेरी सुरू झाली तेव्हा ते ३० रुपये होते.

३/
बाई तीच, दिवस तोच, राज्य तेच. जमिनीवर ती सवलतीची हक्कदार प्रवासी असते. पाण्यावर पाऊल पडताच ती गिऱ्हाईक होते. तीस रुपये ही फार मोठी रक्कम नव्हे, आणि त्या फेरीमुळे रस्त्याचा लांबलचक वळसा वाचतो, हेही खरे. प्रश्न रकमेचा नाही. पाण्याच्या काठावर राज्याची जबाबदारी संपते असे कोणी ठरवले, हा आहे.

४/
आता मोठा पल्ला पाहावा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई–जयगड–विजयदुर्ग या जलद रो-रो सेवेचे दर जाहीर झाले. सर्वांत स्वस्त आसन २,५०० रुपये, सर्वांत महाग ९,०००. मोटारीचे ६,००० वेगळे. एसटीच्या साध्या गाडीचा दर त्याच वर्षीच्या वाढीनंतर सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे दहा रुपये होता. रस्त्याचा पल्ला साडेचारशे किलोमीटर धरला, तर साडेसातशेच्या आसपास. स्त्रीला त्याचे निम्मे.

५/
या दरांच्या बातमीखाली ‘कोकणची आगबोट परत आली’ अशा हर्षभरित ओळी पडल्या. इतिहासाचा यापेक्षा मोठा अपमान होणे कठीण. जुन्या बोटीचा डेक गिरणीतल्या कामगाराचा होता. गावी मनीऑर्डर पाठवणाऱ्याचा होता, आणि मुंबईत भांडी घासून शिमग्याला गावी निघालेल्या बाईचा होता. नव्या बोटीत त्यांच्यासाठी दरपत्रकात ओळच नाही. परत आले ते जहाज. प्रवासी परत आलेला नाही.

६/
हे का घडले, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. मराठीत नदी वा खाडी ओलांडण्याच्या सोयीला ‘तर’ म्हणतात. इंग्रजी अमलात १८६८ च्या मुंबई कायद्याने सार्वजनिक तरी सरकारी नियंत्रणाखाली आल्या. उतारूंकडून पैसे घेण्याचा हक्क मक्त्याने देता येऊ लागला. जो अधिक बोली लावील, त्याला तर. म्हणजे पाणी ओलांडणारा माणूस हा सरकारच्या दृष्टीने आरंभापासून उत्पन्नाचे साधन होता.

७/
त्याच शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर शेफर्ड आणि कंपनीच्या आगबोटी धावू लागल्या. त्याच धंद्यातून पुढे बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनी किनाऱ्यावर प्रबळ झाली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले: सह्याद्रीचे घाट आणि आडव्या खाड्या यांनी तोडलेल्या या मुलखाला मुंबईशी जोडणारा खरा राजमार्ग हाच होता.

८/
पण या राजमार्गावर बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात नांगर टाकी. उतारू पोरेबाळे आणि बोचकी घेऊन हेलकावणाऱ्या पडावात उतरत आणि पडाव त्यांना किनाऱ्याला नेई. कंपनी तिकीट विकत होती. प्रवासाचा सर्वांत धोक्याचा तुकडा मात्र पडावावर, म्हणजे तांडेलाच्या हिमतीवर आणि उतारूच्या नशिबावर सोडलेला होता. स्वस्त तिकिटाच्या आठवणींत ही बाजू सहसा येत नाही.

९/
आता धंद्याचे गणित. जहाज विकत घेतले, कोळसा भरला, खलाशी नेमले, की खर्चाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. डेकवर दोनशे माणसे बसली काय आणि तीनशे बसली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून दर पाडणे सोपे असते. त्यात पावसाळ्यात खुल्या समुद्रावरील बोटी बंद. बाकीच्या महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे. ज्याच्या गाठीला पैसा, तो तोटा सोसून दुसऱ्याला बुडवू शकतो.

१०/
या शस्त्राचा प्रयोग हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर वारंवार झाला. १८८४ मध्ये रवींद्रनाथांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी खुलना–बारिसाल मार्गावर आगबोटी सुरू केल्या. समोर ब्रिटिशांची फ्लोटिला कंपनी. चुरशीत तिकीट उतरत उतरत शून्यावर आले, आणि स्वदेशीच्या उत्साहात उतारूंना वर फराळही मिळू लागला. उतारू सुखावले, ज्योतिरिंद्रनाथ कर्जात बुडाले. ही हकीकत रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे.

११/
१९०६ मध्ये तुतिकोरिनला व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. टिळकांना नेता मानणारा हा वकील तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीसमोर उभा राहिला. ब्रिटिश कंपनीने तिकीट रुपयावर आणले, स्वदेशीने आठ आण्यांवर. मग ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास देऊ केला आणि वर छत्री भेट. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि काही वर्षांतच कंपनीचा कारभार आटोपला.

१२/
छत्रीची ही गोष्ट गमतीने सांगितली जाते. तिच्यात गंमत काही नाही. फुकट मिळालेल्या त्या छत्रीची किंमत पुढे प्रत्येक उतारूला मोजावी लागते, कारण प्रतिस्पर्धी संपल्यावर दर ठरवणारा एकटाच उरतो. ज्या स्वस्ताईला मुदत नसते, ती नियमाने आलेली असते. जिला मुदत असते, ती डावपेचाने. कोणती कोणती, हे उतारूने ओळखायला हवे.

१३/
तिसरा प्रयोग मुंबईचा. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया कंपनी उभारली. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. राष्ट्रीय नौवहन दिन याच तारखेला पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात तिच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवरच मर्यादा घातली गेली.

१४/
म्हणजे दरयुद्धाचे शेवट दोनच. दुबळा पक्ष मरतो, नाही तर दोघे मिळून समुद्र वाटून घेतात. दोन्ही शेवटांत उतारू किंवा व्यापारी टेबलाशी नसतो. ‘स्पर्धा होऊ द्या, दर आपोआप उतरतील’ असे आज जेटीजेटीवर सांगणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा. दर उतरतात, हे खरे. ते उतरलेले राहत नाहीत.

१५/
राष्ट्रीय चळवळीने याला उत्तर शोधले ते जहाजाच्या मालकीत. १९२८ मध्ये सारा­भाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले: किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी. विरोधामुळे कायदा झाला नाही. स्वातंत्र्यानंतर हे धोरण प्रत्यक्षात आले. मागणी न्याय्य होती. पण तिच्यात जहाज कोणाचे, एवढाच प्रश्न होता. भाडे किती आणि कोणाला परवडेल असे, हा प्रश्न तिने विचारलाच नाही.

१६/
कोकणाने मात्र तो वेगळ्या रीतीने विचारला होता. स्वदेशीच्या वातावरणात येथे एक सहकारी नौवहन कंपनी उभी राहिली. तिचे कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी होते. लोक तिला म्हणत ‘माझी आगबोट कंपनी’. तिच्या बोटींची नावे तुकाराम, रामदास, जयंती, सेंट अँथनी, सेंट झेवियर. वारकऱ्याला आणि ख्रिस्ती कोळ्याला एकाच धक्क्यावर आपलेपण वाटावे, अशी ही नामावळी.

१७/
‘माझी’ या एका शब्दात सबंध धोरण होते. उतारू हाच धनी, म्हणून त्याने आपल्याच बोटीत चढावे. परंतु भांडवल अपुरे, बोटी थोड्या, समोर बलाढ्य कंपनी. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. मोठ्या कंपनीचे एक जहाज गेले तर विमा आणि दुसरे जहाज असते. छोट्या कंपनीच्या बाबतीत एका वादळात तिचे अस्तित्वच पणाला लागते.

१८/
१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. मुंबई बंदराला बातमी कळली ती पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून, काही तासांनी. स्वातंत्र्य महिन्याच्या आत येऊन ठेपले होते, म्हणून राष्ट्राच्या आठवणीत या दुर्घटनेला जागा उरली नाही.

१९/
दरपत्रकाच्या इतिहासात ‘रामदास’ला मोठी जागा आहे. संदेशयंत्रणा, जीवरक्षक साधने, उतारूंच्या संख्येवरची मर्यादा, पावसाळ्यात फेरी रद्द करण्याची मुभा: यांतल्या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि यांतली एकही तिकिटावर दिसत नाही. जेथे कंपन्यांना केवळ स्वस्त तिकिटावर झुंजावे लागते, तेथे काटकसर प्रथम न दिसणाऱ्या जागी होते. सुरक्षिततेचा खर्च चुरशीबाहेर, कायद्याच्या हातात हवा, तो एवढ्याचसाठी.

२०/
या दुर्घटनेला वर्ष व्हायच्या आत, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. महाराष्ट्राच्या प्रवासाच्या इतिहासातील हा दुभाजक आहे. जमिनीवरची उतारू वाहतूक ही खाजगी मोटारवाल्यांच्या मर्जीवर सोडण्याची बाब नाही, असे राज्याने ठरवले. ज्या गावाला गाडी परवडत नाही तेथेही गाडी गेली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. समुद्रासाठी असे काहीही ठरले नाही.

२१/
कोकणच्या उतारूसाठी त्या काळी बस हा दुय्यम आणि बोट हा मुख्य मार्ग होता. तरी ‘गाव तेथे एसटी’ ही घोषणा झाली, ‘बंदर तेथे बोट’ झाली नाही. सिंदिया कंपनीने बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन आधीच आपल्या पंखाखाली घेतली होती. म्हणजे विलायती बलाढ्यांशी झुंजलेली स्वदेशी कंपनी आता कोकण किनाऱ्यावर स्वतःच बलाढ्य होती. मालक बदलला, दर ठरवण्याची जागा तीच राहिली.

२२/
१९५३ मध्ये सिंदियाने ही उतारू वाहतूक नव्या कंपनीकडे दिली. नव्या कंपनीने किंमत रोख मोजली नाही. काही भाग शेअरच्या रूपाने, उरलेला सव्याज कर्ज म्हणून. त्या व्याजाला आयकरात वजावट मिळावी की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कोकणच्या बोटीचे अर्थकारण समजून घ्यायचे, तर हा निकाल कोणत्याही आठवणींच्या पुस्तकापेक्षा अधिक बोलका आहे.

२३/
कारण त्यातून उघड होते ते असे: कोकणवासीयांची जीवनवाहिनी म्हणून ज्या सेवेचा गौरव होई, ती जन्मतःच कर्जाचे ओझे घेऊन आली होती. जहाजे जुनी, मोसम अपुरा, आणि पहिला हक्क व्याजाचा. असा धंदा दर वाढवून किंवा खर्च तोडूनच चालतो. पुढे चौगुले कंपनी आली, मग सरकारी मालकीची मोगल लाइन. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे अनेकांच्या आठवणीत आहेत. १९८० चे दशक संपता संपता ती सेवा थांबली.

२४/
‘रेल्वे आली म्हणून बोट गेली’ या कथेला तारखाच खोटे पाडतात. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये. बोट त्याच्या कितीतरी आधी गेली. मधली वर्षे कोकणी माणसाने रात्रभर घाटवळणांत, एसटीच्या खिडकीवर डोके आपटत काढली. राहिला रस्ता. तो सरकारी पैशाने बांधला गेला, सरकारी पैशाने दुरुस्त झाला. बोटीला मात्र सांगितले गेले, स्वतःच्या पायांवर उभी राहा.

२५/
त्यानंतर समुद्र परत आला तो मौजेच्या रूपात. १९९० च्या दशकात मुंबई–गोवा मार्गावर दमानियांची वेगवान कॅटामरान, २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ क्रूझ. या सेवांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी आपले गिऱ्हाईक निवडले आणि त्याप्रमाणे दर लावले. मात्र वाटेतल्या लहान बंदरांवरचा उतारू त्यांच्या हिशेबात नव्हता. मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये कोकण आहे, हे त्या दरपत्रकांना ठाऊक नव्हते.

२६/
२०२५ चे २,५०० रुपये हेही लुटारूपणाचे फळ नव्हे. ते निवडीचे फळ आहे. ताशी सुमारे २५ सागरी मैल, विजयदुर्गला पाच तास, असे वचन देऊन ही सेवा आखली गेली. जहाजाचा वेग दुप्पट केला, की तेवढेच अंतर कापायला साधारणपणे चौपट इंधन लागते. जुनी बोट रात्रभर संथ चाले, म्हणून तिचा डेक स्वस्त ठेवणे शक्य होते. येथे वेग विकायला काढला आहे. ज्याला वेग नको, केवळ गाव हवे, त्याच्यासाठी पर्यायच ठेवलेला नाही.

२७/
जगात बोटीचे तिकीट स्वस्त ठेवण्याच्या तीन रीती दिसतात. पहिली, वर सांगितलेले दरयुद्ध. दुसरी, तिकिटाऐवजी दुसरे काही विकणे. स्टॉकहोम आणि फिनलंड यांच्यामधील मोठ्या बोटी हे तिचे उदाहरण. १९९९ मध्ये युरोपीय संघाने देशादेशांतील करमुक्त विक्री बंद केली. ऑलंड बेटांना त्यातून सूट राहिली. म्हणून कित्येक बोटी तेथे थोडा वेळ थांबतात, आणि मद्य-अत्तरांच्या विक्रीवर तिकीट स्वस्त राहते.

२८/
तिसरी रीत नॉर्वेची. खाचखळग्यांचा किनारा, आत घुसलेल्या खाड्या, डोंगर: भूगोल कोकणाला परका नाही. तेथे तर म्हणजे रस्त्याचाच तुकडा, असे धोरण आहे. १८९३ पासून उत्तर किनाऱ्यावर धावणारी डाकबोट सरकारी कंत्राटावर उभी राहिली. आजही मार्ग निविदेने खाजगी कंपन्यांना मिळतात, पण वेळापत्रक आणि भाडे लोकनियुक्त सत्ता ठरवते. गेल्या काही वर्षांत तेथील अनेक कमी वर्दळीच्या फेऱ्यांचे तिकीटच रद्द झाले.

२९/
१८६८ च्या मक्त्याशी याची तुलना करावी. तेथे विचारले जाई: उतारूंकडून गोळा करून सरकारला सर्वांत जास्त कोण देईल? येथे विचारले जाते: ठरलेल्या भाड्यात, ठरलेल्या फेऱ्या, सरकारकडून सर्वांत कमी रक्कम घेऊन कोण करील? निविदा दोन्हीकडे आहे, खाजगी जहाजवाला दोन्हीकडे आहे, नफाही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत उतारू हा माल असतो आणि दुसऱ्या रीतीत मालक.

३०/
आक्षेप येईल: नॉर्वे तेलावर श्रीमंत झालेला देश, महाराष्ट्राला हे कसे परवडावे? उत्तर असे, की महाराष्ट्र हे आजही करतो, फक्त जमिनीवर. एसटीतील स्त्रियांची अर्धी तिकिटे आणि वृद्धांचा मोफत प्रवास यांचा भार राज्यच उचलते. कोणी म्हणत नाही की गडचिरोलीच्या गाडीने आपला खर्च आपण काढावा. मग हा न्याय पाण्याच्या काठाशी येऊन का थांबतो?

३१/
दुसरा आक्षेप: सरकारी बोट चालवून पाहिली, ती बुडीत गेली. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळू नये. मोगल लाइनच्या काळाने हे दाखवून दिले, की केवळ मालकी सरकारी असल्याने सेवा टिकत नाही. येथील मागणी सरकारने जहाजे चालवावीत अशी नाहीच. जहाज कोणाचेही असो. फेऱ्या, भाडे आणि भरपाई लिखित करारात बांधलेली असावी. कोकणच्या बोटीला मालक पुष्कळ मिळाले. असा करार एकदाही मिळाला नाही.

३२/
तिसरा आक्षेप: पर्यटकांसाठीची सेवा आहे, तिला गरिबांच्या गाडीचे मापदंड का लावावेत? लावू नयेत, जर ती स्वतःच्या धक्क्यावरून सुटत असेल. पण भाऊच्या धक्क्यावरचे टर्मिनल, मांडव्याची जेटी, खाडीतला काढलेला गाळ, ही सार्वजनिक पैशाची कामे आहेत. काँक्रीटमध्ये जनतेचा पैसा चालतो आणि तिकिटात चालत नाही, हे अर्थशास्त्र कोणत्या ग्रंथातले? जो सार्वजनिक धक्का वापरतो, त्याच्यावर सार्वजनिक कर्तव्य यायलाच हवे.

३३/
म्हणून मागण्या मोजक्या आहेत. एसटीत मिळणाऱ्या सवलती प्रवासी बोटींना लागू कराव्यात आणि त्यांची भरपाई राज्याने द्यावी. सरकारी जेटी वापरणाऱ्या प्रत्येक सेवेत काही आसने ठरलेल्या साध्या भाड्याची असावीत. लांब पल्ल्यावर निदान एका संथ, स्वस्त, मधल्या बंदरांना थांबणाऱ्या बोटीसाठी ‘कमीत कमी भरपाई’ची निविदा काढावी. आणि सुरक्षिततेचा खर्च दराच्या चुरशीबाहेर ठेवावा.

३४/
हा प्रश्न केवळ रत्नागिरी-सिंधुदुर्गचा नाही. वसई खाडी आणि उल्हास नदीचा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे. वसई, ठाणे, कल्याण यांना जोडणाऱ्या या जलमार्गाच्या आखणीत भिवंडी तालुक्यातील काल्हेरचेही नाव आहे. म्हणजे गोदामांच्या आणि ट्रकांच्या कोंडीत अडकलेला हा तालुका पुन्हा पाण्याकडे वळू शकतो. तेथे दरपत्रक अजून लागायचे आहे. बोलायची वेळ ते लागण्याआधीची असते.

३५/
गणेशपुरीजवळून वाहणारी तानसा हे सर्व फार पूर्वीपासून पाहत आली आहे. १८९२ मध्ये तिच्यावर धरण झाले आणि तिचे पाणी जलवाहिनीने मुंबईला जाऊ लागले. त्या पाण्याने प्रवासाचा खर्च स्वतः काढावा, अशी अट कोणी घातली नाही. शहराची गरज म्हणून तो खर्च सर्वांनी मिळून उचलला. जे पाण्यासाठी समजले, ते पाण्यावरून जाणाऱ्या माणसांसाठी समजायला सव्वाशेहून अधिक वर्षे पुरली नाहीत.

३६/
पुढच्या वेळी कोणी नव्या बोटीचे छायाचित्र टाकून ‘कोकणची आगबोट परतली’ असे लिहील, तेव्हा जहाजाकडे पाहू नये. तिकीट खिडकीवरचा फलक पाहावा. त्यावरची सर्वांत खालची ओळ कोणाला परवडते, एवढे वाचावे. कोकणच्या माणसाने एकदा बोटीला ‘माझी’ म्हटले होते. तो शब्द परत येईल तेव्हाच बोट परत आली असे म्हणावे.